ऊसतोडीला जाताना पोरं गावात ठेवायची आहेत? मग हंगामी वसतिगृहात नाव दसऱ्याआधी घाला

"यादीत नाव नाही म्हणतात," ही तक्रार येते दिवाळीनंतर. तोवर आई-बाप कोल्हापूर-सांगलीच्या, नाहीतर थेट बेळगावकडच्या उसाच्या फडात पोचलेले असतात आणि गावात राहिलेली आजी शाळेच्या पायऱ्या झिजवत असते. मूल त्याच शाळेत शिकतंय आणि आई-बाप तोडीला गेलेत, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. तरी संध्याकाळच्या पंगतीत त्याचं ताट नसतं. अशी बहुतेक मुलं नियमात बसणारी असतात. त्यांचं अडतं ते चुकलेल्या वेळेमुळे, नाहीतर जो कागद कुणाकडेच नसतो तो मागितल्यामुळे. म्हणून इथे सोप्या गोष्टी थोडक्यात सांगतो आणि जिथे नावं गळतात तिथे जरा थांबतो.

योजना अशी आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचा पाथर्डी पट्टा अशा भागांतून दरवर्षी कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामाचे साधारण सहा महिने गावच्याच शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. खर्च समग्र शिक्षा अभियानातून येतो आणि चालवते शाळा व्यवस्थापन समिती. सकाळचं आणि रात्रीचं जेवण वसतिगृहात, दुपारी नेहमीचा शालेय पोषण आहार, संध्याकाळी अभ्यास. झोपायला मात्र मुलं सहसा आजी-आजोबा किंवा चुलत्यांच्या घरी जातात. पालकांनी एक रुपयाही द्यायचा नाही. मूल सहा ते चौदा वयाचं, शाळेच्या पटावरचं आणि आई-बाप हंगामी स्थलांतर करणारे, ही मुख्य अट. आई-बाप वीटभट्टीवर जात असले तरी तेही स्थलांतरच आहे, तेव्हा "ही फक्त ऊसतोडवाल्यांची योजना" असं सांगून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

नाव कधी द्यायचं

सगळ्यात जास्त नावं इथेच गळतात. पालकांना वाटतं, वसतिगृह नोव्हेंबरात सुरू होतं म्हणजे नावही तेव्हाच द्यायचं. पण त्याआधी शाळेने स्थलांतराचा सर्वे करायचा असतो, समितीने ठराव घ्यायचा असतो, प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेत जायचा असतो. मंजुरी आली की मग चूल पेटते. ती नोव्हेंबरात पेटायची असेल तर मुलाचं नाव सप्टेंबरातच कागदावर आलेलं बरं.

उसाचं गाळप कधी सुरू होणार हे दरवर्षी सरकार ठरवतं आणि तारीख मागेपुढे होते. मजुरांची टोळी मात्र मुकादमाचा, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदाराचा, निरोप आला की रातोरात निघते. म्हणून कुठल्याच तारखेची वाट बघू नका. उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, बहुतेकांना पावसाळ्यातच मिळालेली असते. उचल घेतली म्हणजे जायचं नक्की झालं, तेव्हा त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना भेटा.

अर्ज कोऱ्या कागदावर लिहिला तरी चालतो. मुलाचं नाव आणि इयत्ता, आई-वडील कोणत्या कारखान्याच्या भागात आणि अंदाजे कधी जाणार, मूल गावात कुणाजवळ राहणार, त्या माणसाचा मोबाईल नंबर, एवढंच. दोन प्रती करा. एक शाळेला द्या, दुसरीवर सही, शिक्का आणि तारीख घेऊन घरी ठेवा. "ठीक आहे, लिहून घेतो" याला पोच म्हणत नाहीत. दरवर्षी तोंडी सांगून निश्चिंत झालेल्या घरांचीच नावं सुटतात.

सर्वे झाल्यावर जायचं ठरलं असेल, तरी गप्प बसू नका. समितीने पुरवणी ठराव करून नाव पाठवावं असं लेखी मागा. या समितीत पाऊण सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका, हे कायद्यातच आहे. तेव्हा समितीतला एखादा सदस्य तुमच्या भावकीतला किंवा आळीतला असणारच, त्याला गाठा.

स्थलांतराचा पुरावा

हा कागद कुणाकडे नसतो. मुकादमाशी व्यवहार तोंडी होतो, नाहीतर स्टॅम्पपेपरवर होतो आणि तो पेपर मुकादमाच्या पेटीत राहतो. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी होतो, मजुराच्या नावाने कारखाना काहीच देत नाही. असं असताना "कारखान्याचा दाखला आणा" म्हणणं म्हणजे बाईला आल्या पावली परत धाडणं. सांगणाऱ्याला हे माहीत असतं, याचाच जास्त राग येतो.

शाळेने केलेला सर्वे आणि त्यावर समितीने घेतलेला ठराव हाच इथला पुरावा. त्याला जोड म्हणून ग्रामसेवकाकडून मिळणारं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र असेल तर फार उत्तम. ते नसेल तर काढून ठेवा, बाकी योजनांनाही लागतं. पण ओळखपत्र नाही म्हणून मुलाचं जेवण अडवणं बरोबर नाही, आणि हे शाळेत स्पष्ट सांगायला कचरू नका.

आजीचा कागद

मूल कुणाच्या भरवशावर आहे, हे शाळेला माहीत असलंच पाहिजे. ही अपेक्षा रास्त आहे, रात्री ताप आला तर हाक कुणाला मारायची? घोळ होतो तो पुराव्यावरून. एका वस्तीवरच्या आजीचं रेशनकार्ड वेगळं, त्यावर नातवाचं नाव नाही, आधारवर तिचं माहेरचं आडनाव. तिला नात्याचा पुरावा मागितला. ती तलाठ्याकडे गेली, तलाठ्याने ग्रामसेवकाकडे धाडलं, ग्रामसेवकाने पुन्हा शाळेकडे. तोवर पोरगं दुपारच्या खिचडीवर दिवस काढत होतं आणि संध्याकाळी शेजारणीच्या दारात बसत होतं. त्याच्या वर्गातली मुलं समोरच्या व्हरांड्यात ताटं घेऊन बसलेली त्याला दिसायची.

यावर उपाय एकच, आणि तो आई-बाप गावात आहेत तोवरच सोपा आहे. निघायच्या आधी संमतीपत्र करून द्या: आम्ही अमुक तारखेपासून कामाला जात आहोत, आमचा मुलगा किंवा मुलगी अमुक नातेवाइकाजवळ राहील, त्यांना आम्ही जबाबदारी दिली आहे. खाली आई आणि वडील दोघांची सही किंवा अंगठा, सांभाळणाऱ्याचा अंगठा आणि समितीच्या दोन सदस्यांच्या साक्षी. शाईचा पॅड शाळेत असतोच. पाच मिनिटांचं काम आहे. हेच नंतर करायचं म्हटलं की कागद जाणार फडात, तिथे टोळी दर काही दिवसांनी हलते, आणि सही होऊन येईस्तोवर संक्रांत उजाडते.

आधार

मागे बोगस पटाच्या, म्हणजे नसलेल्या मुलांची नावं दाखवल्याच्या, तक्रारी झाल्या, त्यानंतर तपासणी कडक झाली आणि काही ठिकाणी हजेरीही बोटाच्या ठशावर आली. त्यात लहान मुलांची गोची होते. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे नसतातच. पाचव्या वर्षानंतर ते नोंदवावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. पहिली-दुसरीच्या मुलाचा अंगठा मशीन घेत नसेल तर आधी हे तपासा. नावाची, जन्मतारखेची दुरुस्तीही पावसाळ्यातच करून घ्या, आधार केंद्र तालुक्याला असतं आणि आजीला एकटीला ते झेपत नाही.

आधार नसलंच, तर? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून दूर ठेवता येणार नाही. जन्माचा दाखला नसेल तरी तेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

टीसी काढू नका

मुलाला सोबत नेणं भाग असेल तर ही चूक तेवढी टाळा. "तिकडच्या शाळेत लागेल" म्हणून काही पालक निघताना शाळा सोडल्याचा दाखला घेतात. एकदा तो घेतला की इथल्या पटावरून नाव गेलं. तिकडे टोळी तीन ठिकाणी फिरते, नाव कुठेच लागत नाही, आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मूल परत येतं ते कुठल्याच शाळेचं नसलेलं.

टीसीऐवजी शिक्षण हमी कार्ड मागा. मूल कितवीत आहे, काय शिकून झालं आहे हे त्यावर असतं. नाव गावच्या शाळेत राहतं आणि जिथे टोळी उतरेल तिथल्या जिल्हा परिषद शाळेत कार्ड दाखवून मूल वर्गात बसतं. परतताना तिथल्या गुरुजींकडून हजेरीची नोंद करून घ्या, ती इथे दाखवता येते. कार्डाला प्लास्टिकचं पाकीट घाला. खोपीत पाणी शिरतं, कागद टिकत नाहीत.

तिकडची शाळा म्हणते, "वर्ष अर्धं झालं, आता प्रवेश नाही." हे चुकीचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर नाव घेऊन टाकली आहे. कायदा देशभराचा आहे, म्हणजे कर्नाटकातही तोच. पण तिथे अडचण भाषेची येते. कन्नड शाळेत मराठी मूल नुसतं बसून राहतं. कर्नाटकात जाणार असाल तर मुलाला गावात ठेवण्याचाच प्रयत्न करा, असं मी प्रत्येक घराला सांगतो.

दुसऱ्या वसतिगृहाशी गल्लत

संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना वेगळी आहे. ती सामाजिक न्याय विभागाची, ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी तालुक्याच्या ठिकाणी, तिथे राहण्याचीही सोय असते आणि तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो. तिथे मात्र ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र लागतंच. कुणी हंगामी वसतिगृहासाठी ओळखपत्र सक्तीचं सांगत असेल, तर बहुधा याच योजनेची कागदांची यादी त्याच्या हातात असते. कोणत्या योजनेबद्दल बोलतोय, हे आधी विचारून घ्या.

सहावीपासूनच्या मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयंही आहेत, तिथे निवासाची सोय आहे. वयात येणारी मुलगी म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर सोडायला आई-बाप धजत नाहीत आणि मग तिला सोबत नेतात नाहीतर तिचं लग्न उरकून टाकतात. त्या घरांनी हा पर्याय जूनमध्येच विचारात घ्यावा. नोव्हेंबरात जागा उरत नाहीत.

धाकट्यांचं काय

योजनेतली सगळ्यात मोठी उणीव ही आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. सहा वर्षांखालच्या मुलाला हंगामी वसतिगृहात जागा नाही. त्यामुळे दीड-दोन वर्षांचं लेकरू आईसोबत फडात जातं, आणि त्याला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण. ती यादीत बसते, तिचं नावही दिलेलं असतं, पण पहिल्याच आठवड्यात ती गैरहजर दिसते आणि शेवटी तिचं नाव कमी होतं. अंगणवाडीत पोरं दुपारपर्यंत असतात, बाकीचा दिवस कुणी बघायचा? गावात दुसरं कुणी सांभाळणारं असेल तर धाकट्याचंही बोलणं अंगणवाडी ताईंशी त्याच वेळी करून ठेवा. तिकडे न्यावंच लागलं तर इथल्या ताईंकडून नोंद घेऊन तिकडच्या अंगणवाडीत नाव लावा, पोषण आहार तिथेही मिळतो. मोठीची शाळा धाकट्याच्या सोयीवर ठरते, हे सर्वे करणाऱ्या गुरुजींनीही लक्षात घ्यावं आणि नाव लिहिताना घरात सहाच्या खालचं कोण आहे हे विचारावं.

नाव नाकारलं तर

मुख्याध्यापक टाळाटाळ करतात यामागे एक खरी अडचणही असते. अनुदान उशिरा येतं, किराणा उधारीवर आणावा लागतो आणि दुकानदार गुरुजींच्या दारात उभा राहतो. वरच्या कार्यालयांनी ही रड संपवायला हवी. पण तिचा भार मुलाच्या ताटावर पडता कामा नये. तेव्हा भांडण गुरुजींशी न करता कागद वर पाठवा.

आधी मुख्याध्यापकांकडे नकार लेखी मागा. देणार नाहीत, तरी मागितल्याची पोच घ्या. मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. तिथेही काही हललं नाही तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तीन महिने म्हणजे अर्धा हंगाम, म्हणून वाट बघत न बसता दिवाळीच्या आत तक्रार गेली पाहिजे. तक्रारीवर आई-वडिलांच्या जोडीला सांभाळणाऱ्या नातेवाइकाचंही नाव आणि मोबाईल नंबर घाला, नाहीतर उत्तर येईल ते कुलूप लावलेल्या घराच्या दारात पडून राहील. कार्यालयात पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती आजीजवळ ठेवा.