अंगाला लावायची तेले (मराठवाडा)

बियांपासून काढलेली वनस्पतिजन्य तेले त्वचा, केस, सांधे आणि तान्ह्या मुलांच्या निगेसाठी घरच्या घरी वापरण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. कोकणात ती नारळाभोवती फिरते; छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मात्र ती कोरडवाहू शेतातल्या तेलबियांवर उभी राहिली. करडई, तीळ, जवस आणि भुईमूग ही पिके, बांधावरचा एरंड, ओढ्याकाठचा करंज आणि दारातला कडुनिंब यांतून जे तेल मिळे तेच घरात स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला पुरवून वापरले जाई. त्यामुळे या प्रथेचा इतिहास बऱ्याच अंशी इथल्या पीकपद्धतीचा इतिहास आहे. शेत बदलत गेले तसे न्हाणीतले तेलही बदलत गेले.

ही प्रथा किती मुरलेली आहे ते भाषेवरून कळते. लहान मुलाला नुसती आंघोळ घालत नाहीत, त्याला ‘न्हाऊ-माखू’ घालतात आणि यातले माखणे म्हणजे अंगभर तेल लावणे. तेल केसांना लावतात, अंगाला चोळतात, तळपायात जिरवतात, कानात घालतात आणि बाळाची टाळू मात्र तेलाने ‘भरतात’. आयुर्वेदाच्या दिनचर्येत रोज अभ्यंग करावा आणि डोके, कान व पाय यांना तेल विशेषत्वाने लावावे असे सांगितले आहे. घरातल्या आजीने तो ग्रंथ पाहिलेला नसला तरी तिचा हात याच तीन जागी आधी जातो.

मराठवाड्याचे खास तेल म्हणजे करडईचे. बोलीत या पिकाला सर्रास ‘करडी’ म्हणतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात काळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर ती पेरतात. मुळे खोल जात असल्याने पाण्याची पाळी न देताही ती तग धरते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथे करडईवर दीर्घकाळ संशोधन होत आले असून ‘परभणी कुसुम’ हा वाण तिथलाच आहे; लातूरलाही या विद्यापीठाचे गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. करडईच्या बीत सुमारे ३० टक्के तेल असते आणि नेहमीच्या वाणांच्या तेलात ७० टक्क्यांहून अधिक वाटा लिनोलेइक या एकाच मेदाम्लाचा (तेल ज्या आम्लांपासून बनते त्यांपैकी एकाचा) असतो. ही गोष्ट त्वचेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून पाणी उडून जाऊ न देणारे जे स्निग्ध पदार्थ असतात त्यांच्या घडणीत लिनोलेइक आम्ल लागते. याउलट ज्या तेलात ओलेइक आम्ल जास्त असते ते हा थर सैल करू शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील एका ब्रिटिश अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचे हे संरक्षण कमी झाल्याचे आणि सूर्यफूल तेलाने ते टिकून राहिल्याचे आढळले. शहरांतून हल्ली बाळासाठी परदेशी ऑलिव्ह तेलाच्या महागड्या बाटल्या आणल्या जातात. मेदाम्लांचा विचार केला तर घरच्या करडीचे तेल त्यापेक्षा सरस ठरते, हे इथल्या मातांना कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे.

तेल काढण्याचे काम तेली समाजाच्या घाण्यावर होई. लाकडी किंवा दगडी उखळीत उभी लाट, तिला जोडलेले आडवे लाकूड आणि डोळ्यांना झापड लावून गोल फिरणारा बैल, अशी त्याची रचना होती. शेतकरी आपली तीळ-करडी घेऊन जाई आणि तेल व पेंड दोन्ही घरी आणी. पेंड जनावरांच्या वैरणीत जाई. घाण्यात बी सावकाश चिरडले जात असल्याने तेल फार तापत नाही आणि त्याचा मूळ वास, रंग व जीवनसत्त्व ई बऱ्यापैकी टिकून राहते. कारखान्यातल्या शुद्धीकरणात रंग आणि वास काढून टाकले जातात, मेदाम्ले मात्र जवळपास तीच राहतात. म्हणून शुद्ध केलेले करडी तेल अंगाला लावल्यास ते निरुपयोगी असते, हा समज बरोबर नाही.

तिळाचे तेल मानाचे मानले जाते. नरक चतुर्दशीच्या पहाटेचा अभ्यंग आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशीचे भोगीचे न्हाणे या दोन्ही वेळा त्याच्या असून ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ या म्हणीतल्या भोगीला बाजरीच्या भाकरीपासून केसांपर्यंत सगळीकडे तीळच असतो. मराठवाड्यातली थंडी कोरडी असते, त्या दिवसांत हात-पाय आणि ओठ उलतात, आणि हे दोन्ही सण नेमके त्या हंगामाच्या दोन टोकांना येतात. तिळाच्या तेलात ओलेइक आणि लिनोलेइक आम्ले साधारण सारख्या प्रमाणात, प्रत्येकी ४० टक्क्यांच्या आसपास, असतात आणि त्यातल्या नैसर्गिक ऑक्सिडीकरण-विरोधी (तेल खवट होऊ न देणाऱ्या) घटकांमुळे ते करडीच्या तेलापेक्षा पुष्कळ उशिरा खवट होते. वनौषधी घालून तेल कढवण्यासाठी पूर्वापार तीळतेल घेतात, त्याचे हेही एक कारण असावे. जवसाचे तेल याच्या अगदी उलट आहे. त्यातले अर्ध्याहून अधिक मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक असल्याने ते हवेत लवकर आटून चिकट होते; ते रंगाच्या कामाला उत्तम, पण केसांना लावू नये.

बाळ-बाळंतिणीची निगा हा या प्रथेचा गाभा आहे. बाळंतिणीला आणि बाळाला माखायला गावातली एखादी जाणती बाई सव्वा महिना रोज सकाळी येते. ती पाटावर बसून पाय लांब पसरते, बाळाला दोन्ही पायांच्या खोबणीत निजवते, वाटीतले तेल कोमट पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करते आणि छाती, पोट, मांड्या, पाठ अशा ठरलेल्या क्रमाने हात फिरवते. शेवटी बाळाच्या डोक्यावरच्या मऊ, धडधडणाऱ्या जागेवर तळहाताने तेल जिरवले जाते. यालाच टाळू भरणे म्हणतात. मेंदूला पोषण मिळते आणि टाळू लवकर भरून येते, असा यामागचा समज आहे. प्रत्यक्षात पुढची टाळू कवटीची हाडे वाढून साधारण १२ ते १८ महिन्यांत आपोआप बंद होते आणि तेल तिथून आत जात नाही. हलक्या हाताने तेल लावण्यात मात्र काही गैर नाही.

बाळाला तेल लावण्याचा फायदा खरा आहे आणि तो मोजलाही गेला आहे. ढाक्यातील एका रुग्णालयात दिवस पूर्ण न होता जन्मलेल्या बाळांच्या अंगाला सूर्यफूल तेल लावून पाहण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार तेल लावलेल्या बाळांना रुग्णालयातील जंतुसंसर्ग लक्षणीय प्रमाणात कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींतही कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगाला तेल लावण्याचा विचार करता येईल असे म्हटले आहे. पण याच न्हाणीत काही घातक रीतीही टिकून आहेत आणि त्यांबद्दल भीड न ठेवता लिहिणे आवश्यक आहे. बाळाच्या नाकात तेल सोडल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. कानात तेल घातल्याने मळ सुटण्याऐवजी ओल राहून बुरशी वाढू शकते, आणि पडद्याला छिद्र असल्यास तेल थेट मध्यकर्णात जाते. ‘दूध काढायचे’ म्हणून बाळाची छाती पिळल्याने तिथे गळू होतो. बेंबीची नाळ गळून पडेपर्यंत तिला तेल लावू नये. न्हाणे झाल्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग निखाऱ्यावर टाकून देतात ती धुरीही नवजात बाळाच्या श्वासाला त्रासदायक असते.

एरंडेल हे शेतकऱ्याच्या घरी कोणत्याही घाण्याशिवाय निघणारे तेल आहे. बांधावरच्या एरंडीच्या बिया लोखंडी तव्यावर हलक्या भाजतात, उखळात कुटतात आणि तो लगदा मोठ्या भांड्यात पाण्यासह तास-दोन तास उकळतात. वर जमणारा तवंग पळीने अलगद काढून दुसऱ्या पातेल्यात पुन्हा तापवतात. आधी तडतड आवाज येतो, तो थांबला की पाणी उडाले आणि तेल तयार झाले असे समजतात. बीमध्ये रिसिन हे अत्यंत विषारी प्रथिन असते, परंतु ते तेलात विरघळत नाही आणि उकळण्याने निकामी होते. कच्ची बी किंवा न उकळलेली पेंड मात्र माणसाला आणि जनावराला मारू शकते. एरंडेलात रिसिनोलेइक आम्ल ८५ ते ९० टक्के असल्याने ते दाट आणि चिकट असते. गुडघे चोळायला, एरंडाच्या पानाला लावून ते पान गरम करून शेकायला आणि पापण्या-भुवयांना लावायला ते वापरतात. रेचक म्हणून त्याचा उपयोग सिद्ध आहे, पण गरोदर बाईला आणि लहान मुलाला ते देऊ नये. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ बाळाच्या डोळ्यांत घालण्याची रीत बालरोगतज्ज्ञ सोडून द्यायला सांगतात. हौस म्हणून तीट लावायची तर ती डोळ्यांपासून दूर, तळपायावर लावता येते.

केसांसाठी आता घरोघरी खोबरेल आले आहे, आणि ते योग्यच म्हणावे लागेल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली. धुण्याआधी लावल्यास केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. हे तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून पौषात सकाळी सकाळी बाटली उन्हात ठेवलेली दिसते. माका, जास्वंद किंवा ब्राह्मी घालून तेल कढवताना वनस्पतीचा कल्क म्हणजे वाटलेला लगदा एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग असे शास्त्रीय प्रमाण आहे. तेलात बुडवलेली वात तडतड न करता जळली की ते सिद्ध झाले असे मानतात. पाण्याचा अंश राहिलेले तेल लवकर बिघडते, हे या परीक्षेमागचे साधे कारण. कोंड्यावर मात्र तेल चोपडणे हा उपाय नाही, कारण कोंड्याशी निगडित असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच वाढते.

पायांची निगा शेतकरी आणि ऊसतोड कामगार कुटुंबांत विशेष जिव्हाळ्याची आहे, कारण काळी माती ओली असताना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि वाळल्यावर टाचांना भेगा पडतात. भेगांवर रात्री पाय धुऊन, कोरडे करून, आठवडी बाजारात मिळणारे कोकणातले कोकम तेल वितळवून भरतात. त्याचा पांढरट गोळा दिव्याशी धरला की तो पाघळतो आणि भेगेत जाऊन पुन्हा घट्ट बसतो. त्वचेला मऊ करणारा इतका सोपा उपाय क्वचितच असेल. चिखल्या मात्र बुरशीने होतात आणि त्यांना बुरशीनाशक मलमच लागते. तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाची वाटी घासण्याची पद्धतही आहे. घासता घासता तळवा काळा पडतो आणि ‘उष्णता निघाली’ असे म्हणतात. हा काळेपणा तेलातली मेदाम्ले आणि घर्षण यांमुळे वाटीच्या तांब्या-कथिलाचा सूक्ष्म अंश सुटून येतो. त्याचा अंगातल्या उष्णतेशी संबंध नाही, मात्र दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला त्या चोळण्याने झोप छान लागते. बिब्ब्याचे तेल भेगांवर लावण्याची रीत मात्र टाळावी. बिब्ब्यातले दाहक घटक त्वचेवर फोड आणतात. यालाच ‘बिबा उतणे’ म्हणतात आणि काहींच्या अंगावर तो लावलेल्या जागेपासून दूरही पसरतो.

कडुनिंबाच्या निंबोळीचे आणि करंजाचे तेल खरूज, उवा आणि जनावरांच्या गोचिडांवर वापरतात. दोन्ही उग्र असल्याने ती तीळतेलात मिसळूनच लावावीत. निंबोळी तेल पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊन जीव जाऊ शकतो, म्हणून त्याची बाटली औषधासारखी उंचावर ठेवावी. नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूर तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात गोंड, कोलाम आणि आंध या समाजांत मोहाच्या बियांचे तेल खाण्याला आणि अंग चोळायला वापरले जाते. थंडीत ते तुपासारखे थिजते. कापूर, निलगिरी आणि लवंग यांची सुगंधी तेले या सर्वांहून वेगळी आहेत. ती उडून जाणारी आणि फार तीव्र असतात, नुसती लावल्यास त्वचा पोळते. खोबरेलात कापूर विरघळवून तान्ह्या बाळाच्या छातीला लावणे धोक्याचे आहे, कारण कापराने मुलांना झटके येतात.

१९९० च्या दशकापासून सोयाबीन मराठवाड्यात पसरले आणि करडी मागे पडली. काटेरी पिकाच्या काढणीला मजूर मिळेनासे झाले, हाताला फडके गुंडाळूनही काटे टोचत, आणि आयात पामतेल स्वस्तात मिळू लागले. याच काळात वासाच्या रंगीत केशतेलांनी घरात जागा केली; त्यांतल्या अनेकांत ‘हलके द्रव पॅराफिन’ म्हणजे खनिज तेल असते आणि बदाम किंवा आवळा नावापुरता. ग्राहकाने नावाऐवजी घटकांची ओळ वाचावी. अलीकडे तालुक्यांच्या गावांत विजेवर चालणारे लाकडी घाणे पुन्हा उभे राहिले असून तिथे डोळ्यांसमोर करडी आणि तीळ गाळून मिळतात. करडीचे तेल महिन्याभरात संपेल इतकेच घ्यावे, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काठोकाठ भरून अंधारात ठेवावे, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर माठाशेजारच्या गार कोपऱ्यात. खवट वास येऊ लागलेले तेल त्वचेवर पुरळ आणते. असे तेल जुन्या घरांत देवासमोरच्या समईलाही न घालता गोठ्यातल्या दिव्याला वापरत.