चेनसॉची उसळी आणि दाताची धार

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं आणि काही तासांत रायगड-रत्नागिरीतल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी, नारळ, आंबा, फणस एकमेकांवर पडलेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. एवढी झाडं कुऱ्हाडीनं खांडायची म्हटलं तर महिने जातात. अशा वेळी पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, म्हणजे गावाकडचं झाड कापायचं मशीन, हाताशी असावं असं बागायतदाराला वाटणं साहजिक आहे. दुकानदार दोरी ओढून मशीन चालू करून दाखवतो, टाकीत काय भरायचं ते सांगतो, आणि बहुतेकांचं शिक्षण तिथंच संपतं.

खरं तर ते तिथून सुरू व्हायला हवं. चेनसॉची देखभाल आणि चेनसॉपासून स्वतःचा बचाव ही दोन वेगळी कामं आहेत असं धरून चाललं की अपघाताची वाट मोकळी होते. या यंत्रात ती दोन्ही एकच आहेत.

आधी वेग पाहू. मध्यम आकाराच्या चेनसॉचं इंजिन कापताना मिनिटाला 10,000 फेरे सहज घेतं. साखळी ओढणाऱ्या चक्राला सात दात असतील आणि साखळी नेहमीच्या तीन अष्टमांश इंच मापाची असेल, तर एका फेऱ्यात ती सुमारे 13 सेंटिमीटर सरकते. म्हणजे सेकंदाला 22 मीटर, ताशी जवळजवळ 80 किलोमीटर. लाकडाच्या एकाच जागेवरून सेकंदाला पाचशेहून जास्त दात घासून जातात. या साखळीला ना आवरण असतं ना कुंपण. ती पट्टीच्या, म्हणजे मशीनमधून पुढे आलेल्या लांब चपट्या पोलादी भागाच्या, कडेनं उघडी धावते.

साखळी पट्टीच्या वरच्या कडेनं पुढे जाते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेनं आपल्याकडे परत येते. त्यामुळे खालच्या कडेनं कापताना मशीन लाकडाकडे ओढलं जातं. वरच्या कडेनं कापताना ते आपल्या अंगावर ढकललं जातं. ही दोन बळं सौम्य आहेत, सवयीनं कळतात. खरा धोका पट्टीच्या टोकाच्या वरच्या पाव भागात आहे. तिथे दात वळणावर असतात, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जास्त खोल रुततात. रुतलेला दात थबकतो, पण साखळी आणि इंजिनाची गती कुठंतरी जायलाच हवी. ती सगळ्या मशीनला मिळते आणि पट्टी वर उचलली जाऊन चालवणाऱ्याच्या खांद्याच्या, मानेच्या, तोंडाच्या दिशेनं फिरते. हीच उसळी, म्हणजे किकबॅक. ती सेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर घडून जाते. माणसाला डोळ्यांनी पाहून हात हलवायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. ‘मी सावध असतो’ हे वाक्य इथं निरुपयोगी आहे, कारण सावध माणसाचे स्नायूसुद्धा तेवढे वेगवान नसतात.

म्हणून बचाव उसळीच्या आधीच रचून ठेवावा लागतो. डावा हात पुढच्या मुठीवर, आणि अंगठा मुठीखालून पूर्ण वळवलेला. अंगठा इतर बोटांच्या बाजूला ठेवून धरणारी पुष्कळ माणसं दिसतात. उसळी आली की मूठ त्यांच्या हातातून निसटते. डावं कोपर शक्यतो ताठ. डोकं आणि छाती पट्टीच्या रेषेत नकोत, शरीर त्या रेषेच्या डावीकडे. खांद्याच्या वर मशीन उचलून कधीही कापायचं नाही, आणि एका हातानं तर नाहीच. फांद्या छाटताना पट्टीचं टोक पलीकडच्या फांदीला लागत नाही ना, याकडे सतत लक्ष हवं, कारण पुष्कळ उसळ्या पलीकडच्या न दिसलेल्या फांदीमुळे येतात.

पुढच्या मुठीसमोर जी उभी ढाल असते ती नुसती हाताची आड नाही, तो साखळीचा ब्रेक आहे. उसळीत मनगट तिच्यावर आदळलं किंवा मशीनला जोरात झटका बसला, की पोलादी पट्टा क्लचच्या, म्हणजे इंजिनाची गती साखळीला जोडणाऱ्या भागाच्या, डब्याला आवळतो आणि साखळी क्षणार्धात थांबते. मात्र पट्ट्यात भुसा आणि तेलाचं किटण साचलं तर तो नीट आवळत नाही. रोज काम सुरू करण्यापूर्वी मशीन दोन्ही हातांत धरून, साखळी फिरत असताना मनगटानं ढाल पुढे ढकलायची. साखळी तत्काळ थांबली नाही, तर त्या दिवशी मशीन बाजूला ठेवायचं. स्वस्त मशीन घेताना माझा आग्रह एवढाच असतो: ही चाचणी दुकानातच करून मागा. सोबत आणखी एक पाहा. इंजिन मंद गतीवर असताना साखळी अजिबात फिरता कामा नये. क्लच ठरावीक वेगाच्या वरच पकड घेतो. मंद गतीतही साखळी सरकत असेल तर मंद गतीचं जुळवणं चुकलंय किंवा क्लचचा स्प्रिंग गेलाय.

आता दाताकडे. या यंत्राचं सगळं शहाणपण तिथं आहे. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जुन्या साखळ्यांच्या दातांना कंटाळला होता. ते दात लाकूड ओरखडत, पटकन बोथट होत आणि सतत कानस मागत. 1946 साली एका कुजक्या ओंडक्यात त्याला भुंगेऱ्याची अळी दिसली. ती लाकडाच्या रेषांच्या दिशेनं आणि आडवंही सारख्याच सहजतेनं कुरतडत होती, आणि तिचे जबडे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे चालत होते. त्यानं त्या जबड्याच्या वळणाचे पोलादी दात बनवले, एक डावा, एक उजवा. आजची जवळजवळ प्रत्येक साखळी त्याच रचनेची आहे.

प्रत्येक दातापुढे एक ठेंगणा उंचवटा असतो. सुताराच्या रंध्यात पातं तळाच्या किती बाहेर काढलंय यावर ढलपीची जाडी ठरते, तसंच दाताचं टोक त्या उंचवट्याच्या किती वर आहे यावर दात किती लाकूड खाणार ते ठरतं. हे अंतर साधारण 0.65 मिलिमीटर. दात मागे उतरता असल्यामुळे कानस फिरवून तो झिजला की त्याची उंची कमी होते, आणि मग उंचवटाही चपट्या कानशीनं थोडा उतरवावा लागतो. इथं घाई केली आणि तो जास्त घासला, तर प्रत्येक दात अधिक रुतेल आणि मघाशी सांगितलेली उसळी अधिक जोरानं येईल.

धार गेली हे कसं ओळखायचं? लाकडातून जाडसर ढलप्या पडत असतील तर दात ठीक आहे. पीठ पडू लागलं की थांबा. मातीत पडलेल्या झाडाला, खिळा ठोकलेल्या आंब्याला किंवा नारळाच्या बाहेरच्या टणक कवचाला साखळी लागली की धार फार लवकर जाते. जमिनीला तर एकदा टेकली तरी पुरे. आणि बोथट साखळी नुसती हळू चालत नाही. ती माणसाला जोर लावायला भाग पाडते. जोर लावणारा माणूस पुढे झुकतो, त्याचं वजन मशीनवर येतं, आणि कापा संपताच पट्टी पायाकडे सुटते. पट्टी तापते, साखळी प्रसरण पावून सैल होते, खोबणीतून उतरते. हात दमतात आणि दमलेल्या हाताची पकड ढिली होते. म्हणून मी म्हणेन, या यंत्राच्या पेटीतलं सर्वात महत्त्वाचं सुरक्षेचं साधन म्हणजे गोल कानस. साखळीच्या मापानुसार ती 4, 4.8 किंवा 5.5 मिलिमीटरची लागते. तिरकस धरून, बहुतेक साखळ्यांना 30 अंशांच्या कोनात, फक्त पुढच्या दिशेनं ढकलायची, आणि सर्व दातांना तितक्याच वेळा. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झाले की कापा वाकडा जाऊन पट्टी अडकते.

साखळीचा ताण तपासताना इंजिन बंद हवं, हातमोजे घालावेत. पट्टीचं टोक वर उचलून धरत ताण द्यावा. साखळी पट्टीच्या खालच्या कडेला चिकटलेली असावी, पण हातानं ओढल्यावर सहज सरकावी. दिवसाचं काम संपल्यावर मात्र ती थोडी सैल करून ठेवा, कारण तापलेली असताना ताणलेली साखळी थंड झाल्यावर आखडते आणि इंजिनाच्या दांड्यावर ओढ आणते.

इंधनाबाबत आपल्याकडे एक नवी अडचण आहे. चेनसॉचं टू-स्ट्रोक इंजिन वेगळं तेल साठवत नाही. वंगण पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. 50:1 प्रमाण सांगितलं असेल तर एका लिटरला 20 मिलिलिटर टू-टी तेल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात कॅन अर्धा रिकामा ठेवून महिना-दोन महिने पडवीत राहिला, तर पाणी आणि इथेनॉल खाली बसू शकतं, आणि तेल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला जे मिळतं त्यात वंगण नसतं, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. थोडंच मिश्रण बनवा, बंद डब्यात ठेवा, आणि महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करून आतलं उरलेलं जळून जाईपर्यंत इंजिन चालवा. पेट्रोल भरताना इंजिन थंड असावं, आणि भरलेल्या जागेपासून किमान तीन मीटर दूर जाऊन मगच दोरी ओढावी. ओढताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजव्या पायाचं टोक मागच्या मुठीत.

वादळानं पाडलेलं झाड हे उभ्या झाडापेक्षा जास्त फसवं असतं. आडवं पडलेलं खोड मुकाट दिसतं, पण त्यात बळ साठलेलं असतं. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबात आणि खालची ताणात असते. म्हणून आधी वरून जाडीच्या सुमारे तिसऱ्या भागापर्यंत कापायचं आणि मग खालून पूर्ण करायचं. एकाच टोकाला आधार असलेली फांदी असेल तर याच्या उलट, आधी खालून, मग वरून. ताणाची बाजू आधी पूर्ण कापली तर लाकूड फाटतं आणि झटका देतं. दाबाची बाजू जास्त कापली तर पट्टी चिमटते. वाकून दुसऱ्या झाडाखाली दबलेल्या सुपारीच्या बाबतीत तर ती सुटली की कुठं जाईल हे आधी शोधावं, आणि त्या बाजूला उभं राहूच नये. मुळांसकट उन्मळलेल्या आंब्याचं खोड कापलं की मुळांची थाळी जागेवर परत बसू शकते, म्हणून तिच्या मागे कोणी, विशेषतः मुलं, थांबलेली नाहीत याची खात्री आधी करा.

पँटविषयी सांगायलाच हवं, कारण मशीनच्या खोक्यात ती येत नाही. चेनसॉसाठी बनवलेल्या पँटमध्ये लांब, मजबूत धाग्यांचे अनेक थर असतात. साखळी लागली की ते धागे उपसले जाऊन चक्राला गुंडाळतात आणि साखळी जाम करतात. त्या अभेद्य नाहीत. पहिल्या वर्गाच्या पँटची चाचणी सेकंदाला 20 मीटर वेगावर होते, आणि आपण वर काढलेला वेग 22 मीटरचा आहे. तरीही त्यामुळे मांडीची जखम खोलवर जाण्याऐवजी वरवरची राहू शकते. जाड लेदरचे बूट, चेहऱ्यावर जाळीचं आवरण असलेलं हेल्मेट आणि कानांचं संरक्षण हेही घ्या. 100 डेसिबलच्या वर जाणारा आवाज ऐकण्याची शक्ती हळूहळू आणि कायमची घेतो. हातांना मिळणाऱ्या कंपनानंही वर्षांनंतर बोटं पांढरी पडून बधिर होण्याचा विकार होतो, म्हणून रबरी कंपनरोधक फाटले असतील तर लगेच बदला.

एकट्यानं काम करू नका. सोबत्याला किमान दोन झाडांच्या उंचीइतकं अंतर ठेवून, हाक पोहोचेल अशा जागी उभं करा. साखळीची जखम सरळ चिरलेली नसते, ती मांस ओरबाडते आणि रक्त फार जातं. खिशात जाड बँडेज आणि स्वच्छ कापड असावं, जखमेवर हातानं घट्ट दाब देऊन तो सोडू नये, आणि सोबत्याला 108वर फोन करून वाडीचा रस्ता, जवळचं देऊळ किंवा शाळा नेमकी सांगता यायला हवी. हे काम सुरू करण्यापूर्वीच त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या.