फिफ्थ-व्हील कॅम्परचे डोलणे : लक्षणे आणि निदान

फिफ्थ-व्हील कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर नाक टेकवून ओढले जाणारे चाकांवरचे घर. अमेरिका आणि कॅनडात अशी घरे सर्रास दिसतात; त्यांतली पुष्कळशी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरातल्या कारखान्यांत तयार होतात. दहा-बारा मीटर लांब, रस्त्यापासून जवळपास ४ मीटर उंच आणि सामानसुमान भरल्यावर ५ ते ८ टनांपर्यंत जाणारे हे घर महामार्गावर मागच्या अंगाने डावी-उजवीकडे झोके घेऊ लागले, आणि ते झोके आपसूक विरेनात, तर त्याला धोक्याचे डोलणे म्हणतात. या जोडाची रचना मुळातच डोलण्याला विरोध करणारी आहे. त्यामुळे फिफ्थ-व्हील डोलते आहे ही गोष्ट ‘मोठी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. भार चुकला आहे किंवा काहीतरी झिजले, वाकले, सैल झाले आहे, आणि ते शोधता येते.

‘पाचवे चाक’ हे नाव घोडागाड्यांच्या काळातले. चारचाकी बग्गीचा पुढचा ॲक्सल वळावा म्हणून त्यावर एक सपाट आडवे चाक बसवत. रस्त्याला कधीच न लागणारे ते पाचवे. मोटारी आल्या तरी नाव टिकले. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारकाम करणाऱ्या गाडी-कारागिराने एका लाकूड-व्यापाऱ्याची बोट वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडायचा सेमी-ट्रेलर बनवला. पुढे विमानविद्येतला अग्रणी ग्लेन कर्टिस याने हीच कल्पना राहत्या ट्रेलरला लावली. आजच्या कॅम्परच्या नाकाखाली सुमारे ५० मिलिमीटर जाडीची किंगपिन, म्हणजे खाली लोंबणारी उभी खुंटी, असते आणि ती जोडाच्या जबड्यात अडकते. न्हावाशेवा बंदरातून निघणारे कंटेनर ट्रेलरही असेच जोडलेले असतात.

साधा कॅम्पर ट्रकच्या मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. तो गोळा मागच्या ॲक्सलच्या मीटरभर तरी मागे असतो. ट्रेलरचे नाक बाजूला सरकले की त्या मीटरभराच्या तरफेने ट्रकचे मागचे अंग ढकलले जाते, ट्रक उलटीकडे वळतो आणि पुन्हा ट्रेलरला झोका देतो. फिफ्थ-व्हीलमध्ये किंगपिन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा जरा पुढे येते, म्हणून ती तरफच उरत नाही. एकच वाट उघडी राहते : ट्रकची मागची चाके स्वतःच्या टायरवर आणि पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) आडवी हलणे. हवा कमी असलेले टायर, झिजलेले बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या), सैल बोल्ट हे सगळे त्या वाटेने आत शिरतात. डोलण्याला वेगाचीही साथ लागते. कमी वेगात झोका सुरू झाला तरी एक-दोन हेलकाव्यांत मरतो. वेग वाढत जातो तसा तो उशिरा मरतो, आणि एका ठरावीक वेगाला मरतच नाही. त्याच्या वर प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होतो. एका झोक्याला एक-दोन सेकंद लागतात. चालकाने स्टिअरिंग फिरवून तो दाबायला जावे, तर हात नेमका उशिरा पडतो आणि झोका वाढतो.

निदानाची सुरुवात ‘गाडी हलते’ म्हणजे नेमकी कशी हलते, या प्रश्नाने करावी. आरशात कॅम्परची मागची कड आधी एका बाजूने दिसते, मग दुसऱ्या बाजूने, तर ते खरे डोलणे. छत डावी-उजवीकडे कलते पण चाके सरळ रेषेत धावतात, तर तो कल आहे. उंच गाडी आणि ट्रकचे मऊ पाटे यांमुळे तो येतो. मागे पाट्यांच्या मदतीला हवेच्या पिशव्या (एअरबॅग) लावलेल्या असतील आणि डाव्या-उजव्या बॅग एकाच नळीवर असतील, तर वळणावर हवा इकडची तिकडे जाऊन कल वाढतो. पाठीत पुढे-मागे हिसके बसत असतील, तर तो जोडातला खेळ (सैलपणा) किंवा काँक्रीटच्या रस्त्याच्या सांध्यांचा परिणाम. आणि शेजारून मोठा ट्रक गेला, हवेच्या लोटाने कॅम्पर एकदा ढकलला गेला, एकदा ओढला गेला आणि स्थिरावला, तर ते डोलणे म्हणू नये. इतक्या मोठ्या भिंतीला वारा लागणारच. वायोमिंगमधल्या लॅरमी आणि रॉलिन्सच्या दरम्यान आय-८० महामार्ग वाऱ्याच्या दिवसांत हलक्या, उंच गाड्यांना बंद करतात, तो याच कारणाने. वारा पडल्यावरही, सपाट रस्त्यावर, त्याच वेगाला झोके येतात का, हे खरे पाहायचे.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला पहिला संशय एका शब्दात सांगता येतो : गाडी उलाळ आहे. मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून उचलू लागते. इथे किंगपिन ट्रकवरून उचलू लागते. फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनाचा साधारण २० ते २५ टक्के भार किंगपिनवर पडायला हवा. १५ टक्क्यांच्या आसपास आला, तर बाकी काही उघडून पाहण्याआधी सामान हलवावे. हा भार अंदाजाने कळत नाही. विक्रीच्या पत्रकावरचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो, आणि रिकाम्या गाडीने कोणी सहलीला जात नाही. वजनकाट्यावर जावेच लागते. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक-थांब्यांवर असे काटे सहज सापडतात. १९७७ मध्ये आयोवात सुरू झालेले ‘कॅट स्केल’चे काटे ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल असे तीन आकडे वेगवेगळे देतात. एकदा जोडलेल्या अवस्थेत वजन करायचे, मग कॅम्पर बाजूला उभा करून ट्रक एकटा चढवायचा.

समजा एकटा ट्रक ३,६०० किलो भरला. कॅम्पर जोडल्यावर ट्रकच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ४,५०० किलो आले आणि कॅम्परच्या चाकांवर ४,७००. म्हणजे किंगपिनवर ९०० किलो, कॅम्परचे एकूण वजन ५,६०० किलो, आणि प्रमाण जेमतेम १६ टक्के. ही गाडी उलाळ आहे. आता कॅम्परच्या मागच्या टोकाला मोटारसायकल ठेवायची खोली आहे, तीत २०० किलोंची मोटारसायकल ॲक्सलच्या ३ मीटर मागे उभी आहे, आणि किंगपिन ॲक्सलच्या ७ मीटर पुढे आहे असे धरू. ती एकटी मोटारसायकल किंगपिनवरचा सुमारे ८६ किलो भार उचलून धरते. ती उतरवली की कॅम्पर ५,४०० किलोंचा होतो, किंगपिनवर ९८६ किलो येतात आणि प्रमाण १८ टक्क्यांवर जाते. पाण्याचाही असाच हिशेब आहे : एक लिटर म्हणजे एक किलो, आणि टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर भरलेली टाकी उलाळ वाढवते. टोकाला ठेवलेल्या वजनाचे आणखी एक दुखणे आहे. एकदा झोका सुरू झाला की ते त्याला जोर पुरवते. म्हणून मागे ठेवलेले सामान पुढे तितकेच सामान ठेवून ‘तोलले’, तर किंगपिनचा आकडा बरा दिसतो, पण गाडी डोलायला लागल्यावर आवरणे अवघडच राहते. जड वस्तू ॲक्सलच्या जवळ, किंचित पुढे असाव्यात. किंगपिनवरचा भार वाढवताना ट्रकच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली मागच्या ॲक्सलची मर्यादाही पाहावी. ती ओलांडून उलाळ घालवणे म्हणजे एक दुखणे काढून दुसरे घालणे.

वजन जुळले आणि तरीही गाडी डोलते, तर पुढची पाळी जोडाची. आखूड हौद्याच्या ट्रकमध्ये सरकता जोड बसवतात, कारण जागेवर वळवताना कॅम्परचे नाक ट्रकच्या केबिनला लागू शकते. वळवताना जोड मागे सरकवायचा, रस्त्याला लागताना पुढे आणून अडकवायचा. तो मागेच राहिला, तर किंगपिन ॲक्सलच्या मागे जाते आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती तरफ परत येते. शिवाय ट्रकचे पुढचे अंग हलके होऊन स्टिअरिंग सैल लागते. हे तपासायला मिनिट पुरते. त्याच वेळी जोड ज्यांवर बसतो त्या हौद्यातल्या पट्ट्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट करून घ्यावेत, आणि जबड्यात किंगपिनला किती खेळ आहे ते पाहावे. एकाने गाडी जोडलेली असताना ट्रक हळूच पुढे-मागे घ्यावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे. ‘टक्’ आवाज येतो, तिथे झीज आहे. किंगपिनच्या पेटीजवळ चौकटीच्या वेल्डिंगला तडे किंवा रंगावर बारीक रेघा दिसल्या, तर गाडी पुढे नेऊ नये.

टायरची हवा थंड गाडीत मोजावी. अशा ट्रकच्या मागच्या टायरना पूर्ण भाराला ८० पीएसआयपर्यंत हवा लागते आणि जड कॅम्परच्या टायरना काही वेळा ११०. रोज रिकाम्या ट्रकने ऑफिसला जाणारा माणूस आरामासाठी ५५-६० ठेवतो आणि सुटीच्या दिवशी कॅम्पर जोडताना ती वाढवायला विसरतो. त्या मऊ बाजूंवर ट्रकचे मागचे अंग आडवे लोळते. ट्रेलरसाठी खास बनवलेल्या अनेक टायरची वेगमर्यादाही ताशी १०५ किलोमीटर असते, ती टायरच्या बाजूवर किंवा कंपनीच्या तक्त्यात पाहता येते.

आणि आता खाली, चाकांमागे, जिथे फार थोडे मालक वाकून पाहतात. बहुतेक कॅम्पर पाट्यांवर बसतात, आणि अनेकांच्या पाट्यांच्या डोळ्यांत नायलॉनचे बुश असतात. दोन ॲक्सलचा कॅम्पर जागेवर वळतो तेव्हा चाके आडवी घासली जातात आणि सगळा जोर त्या बुशांवर आणि पाटे ज्यांना टांगलेले असतात त्या चौकटीखालच्या कानांवर येतो. बुश झिजला की बोल्ट थेट लोखंडावर घासतो. गोल भोक लांबट होते, भोवती तांबूस भुकटी जमते आणि आत धातू चकचकीत दिसतो. अशा भोकांत ॲक्सल प्रत्येक झोक्याला थोडा सरकतो, म्हणजे चाके स्वतःच स्टिअरिंग करू लागतात. तपासायची युक्ती सोपी आहे. मोकळ्या पटांगणात एकाने ट्रक अगदी हळू, पूर्ण वळवत न्यावा आणि दुसऱ्याने लांब उभे राहून पाट्यांचे कान किती वाकतात ते पाहावे. मग पाटा ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट, तुटका पाटा, दोन ॲक्सलचे पाटे जोडणारा मधला जोडपाटा पाहावा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. बेअरिंगमध्ये प्ले असेल तर हाताला कळतो.

ॲक्सलची सरळ रेषा टेपने मोजता येते. किंगपिनपासून पुढच्या ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतची अंतरे सारखी हवीत. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ॲक्सल तिरका बसला आहे. दोन ॲक्सलमधले अंतरही दोन्हीकडे मोजावे, तिथे दीड मिलिमीटर पुष्कळ झाले. टेप नसेल तर तळहात पुरे : टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखी कड लागत असेल, तर ते चाक रस्त्यावर तिरके घासत चालले आहे.

नव्या पिकअपचे हौदे उंच झाल्याने कॅम्परचे नाक वर राहते, हाही पुष्कळांचा अनुभव. पाट्यांच्या गाडीत मधला जोडपाटा दोन ॲक्सलमध्ये भार बराचसा वाटून देतो, पण रबरी टॉर्शन ॲक्सलमध्ये, म्हणजे पाट्यांऐवजी आतल्या रबराच्या पिळावर भार घेणाऱ्या ॲक्सलमध्ये, तशी वाटणी होत नाही. नाक वर झाले की भार मागच्या ॲक्सलवर जातो आणि त्याचे टायर आधी तापतात. हौद्याची कड आणि कॅम्परचा तळ यांत सुमारे १५ सेंटिमीटर मोकळे ठेवून जोडाची उंची कमी करता येते.

फक्त ब्रेक लावताना डोलत असेल, तर ब्रेकच पाहावेत. रिकाम्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना केबिनमधल्या नियंत्रकाच्या हातकळीने नुसत्या कॅम्परचे ब्रेक काही वेळा लावावेत, मग थांबून इन्फ्रारेड तापमापकाने प्रत्येक ड्रमचे तापमान घ्यावे. बाकीच्यांपेक्षा थंड असलेला ड्रम काम करत नाही. ब्रेक न लावताही जो गरम राहतो तो घासतो आहे.

हीच हातकळी प्रत्यक्ष संकटात उपयोगी पडते. झोके सुरू झाले की ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरावे आणि कळीने फक्त कॅम्परचे ब्रेक लावावेत. मागून ताण आला की कॅम्पर ओळीत येतो. ट्रकचा ब्रेक जोराने दाबला तर कॅम्पर ट्रकला ढकलतो. वेग वाढवून ‘ओढून सरळ करू’ हा सल्ला जुना आहे आणि जीवघेणा आहे. बऱ्याच ट्रकमध्ये डोलणे ओळखून चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते. अमेरिकेत गाडीची स्थिरता राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ४,५३६ किलोंपर्यंतच्या गाड्यांना सप्टेंबर २०११ पासून सक्तीची आहे; जड फिफ्थ-व्हील ओढणारे कित्येक ट्रक त्या वजनाच्या वरचे, म्हणून आपल्या ट्रकमध्ये ती आहे का हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. ती असली तरी झोका सुरू झाल्यावरच जागी होते. दर प्रवासात तिचा दिवा लुकलुकत असेल, तर वजनकाटा गाठायची वेळ झाली आहे.

ऊस कारखान्यांच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून जातात तेव्हा शेवटची ट्रॉली उतारावर जी झोकांडी खाते, तिच्यातही भार, जोडातला खेळ आणि वेग हे तिघेच असतात. तिथे वेग कमी असतो, म्हणून ती बहुधा सावरते.

निदान करताना एक चूक वारंवार होते : गाडी ज्या अवस्थेत डोलली त्या अवस्थेत ती तपासली जात नाही. जाताना पुढची पाण्याची टाकी भरलेली असते आणि सगळे ठीक असते. परतताना ती रिकामी आणि ॲक्सलमागची सांडपाण्याची टाकी भरलेली, ट्रकच्या हौद्यातले सरपण संपलेले, मागच्या कॅरिअरवर दोन सायकली वाढलेल्या. घरी आल्यावर टाकी ओतली, सायकली उतरवल्या आणि मग काट्यावर नेले, तर आकडे निर्दोष येतात. परतीच्या वाटेवर, काहीही न ओतता आणि न उतरवता, वाटेतल्या पहिल्या काट्यावर गाडी चढवावी.