कामाचा परवाना (स्थलांतरित कामगार)

परक्या देशाच्या नागरिकाला आपल्या हद्दीत मजुरी किंवा पगार घेऊन काम करू देणारी सरकारी परवानगी. देशात येऊ देणारा व्हिसा, राहण्याची मुदत ठरवणारा निवास परवाना आणि काम करण्याचा हक्क या मुळात तीन निराळ्या गोष्टी आहेत. अनेक देश त्या एकाच कागदात गुंफतात. मग नोकरी गेली की राहण्याचा हक्कही जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगाच्या श्रमशक्तीत सुमारे १६.७७ कोटी स्थलांतरित होते, म्हणजे ४.७ टक्के. त्यांतील बऱ्याच जणांना कायम वास्तव्यामुळे किंवा युरोपीय संघातल्यासारख्या मुक्त संचारामुळे परवाना लागत नाही. उरलेल्यांचे आयुष्य मात्र या कागदाच्या अटींवर बेतलेले असते.

राजकीय वाद बहुधा परवाने किती द्यायचे यावर होतात. त्याहून निर्णायक प्रश्न परवाना कोणाच्या हाती राहतो हा आहे. मालकाशी बांधलेल्या परवान्यासाठी अर्ज मालक करतो आणि त्याने कामावरून काढले की परवाना संपतो किंवा अल्प मुदतीवर येतो. खुल्या परवान्यावर कामगार मुदत असेपर्यंत कोणाकडेही काम करू शकतो. या दोन टोकांमध्ये एखाद्या व्यवसायापुरते, उद्योगापुरते किंवा प्रांतापुरते मर्यादित असे प्रकार येतात.

बांधून ठेवण्याची ही पद्धत जुनी आहे. जर्मन साम्राज्यातील सर्वांत मोठे राज्य असलेल्या प्रशियाने १९०७–०८ पासून परदेशी मजुरांना ओळखपत्र सक्तीचे केले. त्यावर मालकाचे नाव असे आणि काम सोडून गेलेल्या मजुराला हद्दपार करता येई. पोलिश शेतमजुरांना तर हिवाळ्यात सक्तीने सीमेपार पाठवले जाई, म्हणजे ते तिथे रुजू नयेत. ब्रिटनमध्ये १९२० पासून परदेशी माणूस कामावर ठेवायला मालकाला श्रम मंत्रालयाचा परवाना लागू लागला. मेक्सिकन मजुरांना मुख्यतः शेतीकामासाठी तात्पुरते अमेरिकेत आणणारी, त्या दोन देशांमधली ‘ब्रासेरो’ योजना १९४२ ते १९६४ चालली आणि तिच्याखाली ४५ लाखांहून अधिक करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतून १० टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई. ती अनेकांच्या हाती कधीच पडली नाही.

पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी भरतीचे करार केले. माणसे ठरावीक काळ राबतील, परत जातील आणि त्यांच्या जागी नवी येतील, ही कल्पना होती. १९५५ ते १९७३ या काळात सुमारे १.४ कोटी लोक आले आणि सुमारे १.१ कोटी परतले. तेलसंकटाच्या वेळी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, सरकारने भरती थांबवली. त्याचा परिणाम उलटा झाला. एकदा मायदेशी गेलो तर पुन्हा प्रवेश नाही, हे कळल्यावर उरलेल्यांनी जाणे टाळले आणि कुटुंबे बोलावून घेतली. दार बंद केल्याने आतले लोक बाहेर जात नाहीत हा धडा तेव्हाच मिळाला होता, तरी आजही तात्पुरत्या परवान्यांची धोरणे त्याच जुन्या गृहीतकावर आखली जातात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने बांधलेला परवाना मालकाला मजुरी ठरवण्याची एकतर्फी ताकद देतो. ज्याला दुसरीकडे जाताच येत नाही त्याला बाजारभावाने मजुरी देण्याचे कारण उरत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०११ पासून करार संपल्यावर जुन्या मालकाच्या संमतीशिवाय नवी नोकरी धरण्याची मुभा दिली. सुरेश नायडू, यॉ न्यार्को आणि शिंग-यी वांग या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा तिथे आधीपासून असलेल्या कामगारांची कमाई १० टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसले. कामही तेच आणि माणसेही तीच होती. वाढलेला हिस्सा आधी मालकाच्या खिशात जात होता. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मालकाशी बांधण्याची व्यवस्था ही गुलामगिरीचे आधुनिक रूप असल्याचे म्हटले.

या व्यवस्थेचे समर्थक सांगतात, की भरतीचा खर्च मालक करतो, तेव्हा त्याला काही काळ हमी हवी. कमी कौशल्याच्या कामांत हा युक्तिवाद टिकत नाही, कारण तिथे तो खर्च बहुतेकदा कामगारच करतो. दोन देशांतील मजुरीत मोठी तफावत आणि परवाने मोजके, अशा स्थितीत परवान्यालाच किंमत येते आणि ती मध्यस्थ वसूल करतो. आखाती देशांत प्रायोजकांकडून, म्हणजे ज्यांच्या नावावर कामगार आणला जातो त्या मालकांकडून, व्हिसा विकत घेऊन पुढे विकण्याचा धंदाच उभा राहिला. जमीन गहाण टाकून किंवा व्याजाने पैसे उचलून गेलेला माणूस कर्ज फिटेपर्यंत तक्रार करू शकत नाही. कामगाराकडून दलाली घेऊ नये, असे श्रम संघटनेचा १९९७ चा १८१ क्रमांकाचा करार सांगतो. दक्षिण कोरियाने २००४ पासून सरकार-ते-सरकार भरती सुरू करून मध्यस्थांना बरेच बाजूला सारले, पण पहिल्या तीन वर्षांत कामाची जागा साधारणपणे तीनदाच बदलण्याची अट ठेवली. सिंगापूर परवानाधारक कामगारामागे मालकाकडून दरमहा अधिभार घेते. मलेशियनांखेरीज इतर कामगारांसाठी ५,००० सिंगापूर डॉलरचे हमीपत्रही मागते. कामगाराने अटी मोडल्यास ही रक्कम जप्त होऊ शकते, त्यामुळे पाळत ठेवण्याचे काम आपसूक मालकाकडे जाते.

परदेशी कामगार आल्याने स्थानिकांची मजुरी घसरते का, यावर अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. १९८० साली सुमारे सव्वा लाख क्यूबन नागरिक मारिएल बंदरातून अमेरिकेत आले, त्यांतील बरेच मायामीत राहिले. डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम आढळला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे शालेय शिक्षण पूर्ण न केलेल्या पुरुषांपुरते पाहिले, तेव्हा त्यांना मोठी घट दिसली. उलट बाजूचा पुरावाही आहे. ब्रासेरो योजना गुंडाळली तेव्हा स्थानिक शेतमजुरांची मजुरी वाढेल अशी अपेक्षा होती, पण मायकल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांना तशी वाढ सापडली नाही. शेतकऱ्यांनी यंत्रे आणली आणि पिके बदलली.

राजकारणात यामुळे विलक्षण युत्या होतात. मालकांच्या संघटनांना परवाने जास्त आणि बांधलेले हवे असतात, तर स्थलांतरविरोधी पक्षांना कमी हवे असतात. कामगार संघटनांची भूमिका काळानुसार बदलली. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ ब्रासेरो योजनेच्या विरोधात होते, आणि अमेरिकेतील मोठ्या कामगार महासंघाने २००० साली कागदपत्रांविना राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा देण्याची मागणी केली. शेजारचा कामगार हक्काविना असेल तर आपलीही मजुरी खाली ओढली जाते, हे त्यामागचे गणित माझ्या मते अचूक होते. उच्चशिक्षितही या साखळीतून सुटत नाहीत. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसावर मालक बदलता येतो, पण भारतीयांना कायम वास्तव्यासाठी देशनिहाय मर्यादेमुळे वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. तो अर्ज सहसा मालकच करत असल्याने नोकरी बदलताना प्रक्रियेचा काही भाग पुन्हा करावा लागू शकतो.

आश्रय मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ते आलेले असतात, त्यांना खायला घालावे लागते, तरी काम करू दिले तर आणखी लोक येतील या भीतीने त्यांना रिकामे बसवले जाते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशानुसार कमाल प्रतीक्षा नऊ महिने होती. २०२४ च्या निर्देशाने ती सहा महिन्यांवर आणली. कोलंबियाने २०२१ साली व्हेनेझुएलातून आलेल्यांसाठी दहा वर्षांचा संरक्षण परवाना सुरू केला. तो कोणत्याही मालकाशी बांधलेला नाही.

श्रम संघटनेच्या १९७५ च्या १४३ क्रमांकाच्या करारात केवळ नोकरी गेल्याने कामगार बेकायदा ठरू नये, असे कलम आहे. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार २००३ साली अमलात आला, पण पश्चिमेच्या प्रमुख यजमान देशांनी त्याला मान्यता दिलेली नाही. कतारने २०२० मध्ये मालक बदलण्यासाठी ना-हरकत दाखल्याची अट काढली आणि मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान वेतन लागू केले. कॅनडाने २०१९ पासून छळ होणाऱ्या बांधील कामगारांना खुल्या परवान्यासाठी अर्ज करू दिला. मात्र छळाचा पुरावा गोळा करून अर्जासोबत जोडण्याचे काम त्या कामगारालाच करावे लागते.