फळ्यांचे कुंपण (सोलापूर परिसर)

जमिनीत रोवलेल्या लाकडी डांबांवर फळ्या आडव्या ठोकून केलेली बंदिस्ती. सोलापूर भागात शेताला काट्यांची वई किंवा काटेरी तार पुरते. फळ्या मुख्यतः गोठा, परसबाग आणि बंगल्याच्या आवारासाठी. डांबांना बाभूळ, क्वचित रेल्वेरुळांखालचे जुने स्लीपर वापरतात. सोलापूरला रेल्वे 1860 च्या सुमारास आली. लाकडी स्लीपरांची जागा काँक्रीटने घेतली ती बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे मोडीतल्या स्लीपरांचे डांब त्यानंतरचे समजणे सयुक्तिक.

येथील खरी अडचण जमिनीची. बेसाल्टापासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील, पाणी शोषून फुगणारी खनिजे असतात. त्यामुळे ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ रोवलेला डांब दोन-तीन हंगामांत कलू शकतो आणि फळ्यांचे खिळे ओढले जातात. म्हणून डांबाचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीत असावा आणि खड्डा निघालेल्या मातीने न भरता मुरमाने ठासावा. पाऊस एकंदरीत कमी असल्याने कुजण्यापेक्षा वाळवीचा उपद्रव मोठा. रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचे लाकूड, तिला लवकर बळी पडते. खालच्या फळीची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवली की वाळवीची मातीची वाट वेळीच दिसते.

फळी बसवताना तिची कोणती बाजू बाहेर ठेवावी, यावर सुतारांत एकमत नाही. सपाट, म्हणजे ओंडक्याच्या वलयांना स्पर्शरेषेत, चिरलेली फळी वाळताना तिची वार्षिक वलये सरळ होऊ पाहतात. सालीकडची बाजू खोलगट आणि गाभ्याकडची फुगीर होते. सालीकडची बाजू बाहेर ठेवली, तर फळीच्या कडा डांबापासून सुटतात. गाभ्याकडची बाहेर ठेवली, तर कडा डांबाला चिकटून राहतात, पण त्या बाजूचे पापुद्रे निघण्याचा संभव असतो. रुंद फळीला दुसरी पद्धत अधिक योग्य दिसते. अरुंद किंवा नीट वाळलेल्या फळीत हा वाद फारसा उरत नाही. मात्र वखारीतून ओली फळी आणून एप्रिलच्या उन्हात ठोकली, तर ती कोणत्याही बाजूने वाकते.

गोठ्याच्या कुंपणात फळ्या जनावरांच्या बाजूने ठोकतात, म्हणजे रेटा खिळ्यावर न येता डांबावर येतो. पंढरपुरी म्हशीची शिंगे लांब, मागे वळलेली असतात. ती फटीत अडकू नयेत यासाठी फळ्यांमधील अंतर बेताचे ठेवावे लागते. 25 मिमी. जाडीच्या फळीला 75 मिमी. लांबीचा खिळा, प्रत्येक टोकाला किमान दोन. वाळलेली बाभूळ खिळा सहज घेत नाही. आधी गिरमिटाने भोक पाडतात, नाहीतर फळीचे टोक चिरते. फळ्यांचे सांधे डांबाच्या मध्यावर घेतात आणि लगतच्या ओळींत ते एकाच डांबावर येऊ देत नाहीत. ओळीसाठी सुतळी, उभेपणासाठी ओळंबा.