"मी नाही दमले!"

रात्रीचे दहा वाजलेले. पाहुणे निघायच्या बेतात, आणि चार वर्षांची भाची सोफ्यावरून गादीवर, गादीवरून सोफ्यावर उड्या मारतेय. "दमलीस का गं?" "नाऽऽही!" पाचच मिनिटांत तिने जमिनीवर लोळण घेतली. कारण? आईने पोळी मोडून दिली. तिला अख्खी हवी होती. कोपऱ्यातून आजी म्हणाली, "झोपेला आलंय पोर."

आजीला बाहेरून दिसलं ते भाचीला आतून कळत नव्हतं. भूक, तहान, थकवा हे शरीराचे आतले निरोप ओळखणं मुलांना हळूहळूच जमतं. शू लागली की सांगायला आपण त्यांना महिनोन्‌महिने शिकवतो. दमल्याचं शिकवायचं मात्र कुणाला सुचत नाही.

जागेपणी मेंदू ऊर्जा वापरतो, तसतसं त्यात अडेनोसिन नावाचं रसायन साठतं आणि झोपेची ओढ वाढत जाते. लहानग्यांमध्ये ही ओढ मोठ्यांपेक्षा लवकर वाढते, म्हणून त्यांना दुपारीही झोपावं लागतं. (चहातलं कॅफीन या अडेनोसिनचीच जागा अडवतं. संध्याकाळी बशीत ओतून दिलेला 'घोटभर' चहा आठवा.) झोप कमी पडली की कपाळामागचा, स्वतःला आवरायला लावणारा मेंदूचा भाग ढिला पडतो. या वयात तो मुळातच कच्चा असतो. त्यामुळे दमलेलं मूल मलूल होण्याऐवजी कधी कधी चेकाळतं, आणि आपण म्हणतो, "अजून किती दम आहे बघा!"

2012 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी अडीच-तीन वर्षांच्या मुलांची फक्त एक दुपारची झोप चुकवली आणि त्यांना चित्रकोडी दिली. एका कोड्यात मुद्दाम चुकीचा तुकडा घातलेला, म्हणजे ते सुटणारच नाही. झोप न झालेली मुलं सुटणारं कोडं सोडवूनही कमी खूश झाली, न सुटणाऱ्यावर जास्त वैतागली. मला रंजक वाटली ती तिसरी गोष्ट: एरवी 'इथे काहीतरी चुकतंय' असा जो गोंधळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचा, तोही कमी झाला. म्हणजे नुसती चिडचिड वाढत नाही, अडलंय कुठे हे कळणंही मंदावतं. अशा वेळी पोळीवरून समजूत घालून काय होणार!

म्हणून "झोप आली का?" हा प्रश्नच चुकीचा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा दिसतं ते बोलावं: "डोळे चोळतेयस. दुसऱ्यांदा जांभई दिलीस. डोळे जड झालेत वाटतं." मुलं कधी "कंटाळा आला" म्हणतात, कधी "पाय दुखतायत". त्यामागचा थकवा ओळखून त्याला नाव द्यायचं काम आपलं. आणि हे लोळण घेण्याआधी. रडारड सुरू झाल्यावर शिकवणी नको, कुशीत घ्यावं.

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी, दुपारची धरून, 10 ते 13 तास झोप लागते. ट्यूबलाइट मात्र लवकर मालवावी. 2018 च्या एका प्रयोगात झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळलेल्या या वयाच्या मुलांच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची वर्दी देणारं संप्रेरक, जवळपास 88 टक्क्यांनी घटलं होतं.

आणखी एक खूण गमतीची आहे. झोप जवळ आली की हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून उष्णता बाहेर पडते आणि शरीर आतून निवतं. भाचीला हे सांगितल्यापासून ती रात्री स्वतःचे तळवे गालाला लावून तपासते. परवा तिने जाहीर केलं, "मामा, हात गरम झाले." आणि मग सोफ्यावरून आणखी दोन उड्या मारल्या.