पळीभर तेल आणि आकाशाचा परीघ

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीला लोक जातात ते दर्शनाला, नाहीतर पावसाळ्यात धबधबा बघायला. तिथल्याच पाटण गावच्या शिलालेखाची आठवण क्वचितच कुणी काढतो. इ.स. १२०७ सालचा हा लेख एका मठाबद्दल आहे. गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (तापीकाठचा योगी चांगदेव वेगळा, हा यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी) याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या मांडलिक राजांनी त्याला दान दिले. लेखाचा एक भाग चक्क तेव्हाच्या मराठीत आहे. त्यात घाण्यामागे पळी-पळी तेल मठाला नेमून दिले आहे. रात्रीचे दिवे बहुधा त्याच तेलावर जळत असावेत.

तिथे शिकवायचा मुख्य ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’, इ.स. ११५० चा. पृथ्वी सपाट का दिसते, याचे त्यातले उत्तर मला फार आवडते: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, पृथ्वी अफाट, आणि तिच्या पाठीवरचा माणूस अगदीच चिमुकला.

याच ग्रंथात आकाशाचा परीघही आहे: १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजने (योजन हे अंतराचे जुने माप). हा आकडा आला कुठून? प्रत्येक ग्रह (तेव्हा सूर्य-चंद्रही ग्रहांतच धरत) एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, सारखेच अंतर तोडतो असे जुने गृहीतक होते. चंद्राच्या कक्षेचा परीघ ३,२४,००० योजने. त्याला कल्पातल्या चंद्राच्या फेऱ्यांनी गुणले की हा आकडा हजर. पृथ्वीचा परीघ ग्रंथात ४,९६७ योजने आहे, त्यावरून योजन साधारण ८ किलोमीटरचे पडते. म्हणजे चंद्र सुमारे ४ लाख किलोमीटरवर, जवळजवळ बरोबर! सूर्य मात्र ५५ लाखांवर येतो. खरा तो १५ कोटींवर आहे. चूक गुणाकाराची नव्हती. सगळे ग्रह एकाच वेगाने चालतात, हे धरून चालण्यात ती होती.

भास्कराचार्यांनाही तो आकडा विश्वाचे माप म्हणून पटला नसावा. ब्रह्मांड एवढे असो वा नसो, कल्पात ग्रह एवढी योजने चालतो, इतकेच आमचे मत, असे ते स्पष्ट लिहितात. त्या काळी असे लिहिणे मला गणितापेक्षाही मोठे वाटते.

पुढे माप बदलत गेले. १८३८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेलने पहिल्यांदा एका ताऱ्याचे अंतर खात्रीने मोजले, सुमारे ११ प्रकाशवर्षे (प्रकाश वर्षभरात तोडतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष). १९२३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला देवयानी नावाच्या धुरकट ठिपक्यात एक रूपविकारी तारा (तेज कमी-जास्त होणारा, त्यावरून अंतर काढता येते असा) सापडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा वेगळाच प्रचंड समूह, ठरला. आजच्या मोजणीने तो २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. पाटणच्या मठात शिकवलेला आकाशाचा परीघ प्रकाशवर्षांत मांडला तर जेमतेम १६ हजार भरतो. आपल्या आकाशगंगेचा नुसता व्यासच १ लाखाच्या घरात आहे.